मोरूची चहाडी

सॅमसन वाक्रुळकर वयाच्या सहासष्टाव्या वर्षी धार्मिक झाला आणि त्याचा पहिला फटका एका कुत्र्याला बसला.

तसा सॅमसनचा आणि धर्माचा फारसा घरोबा नव्हता. नागोठण्याच्या कंपनीत त्याने छत्तीस वर्षं शिफ्ट केली. दर तासाला बॉयलरचं प्रेशर बघायचं, तापमान लिहायचं, शेरा मारायचा आणि खाली सही ठोकायची. शनिवार आला काय नि गेला काय, त्याला फरक पडला नव्हता. उलट शनिवारी कोणी रजेवर असेल तर त्याचीही शिफ्ट हाच करायचा. बायको लीया शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायची आणि म्हणायची, "उद्या तरी घरी राहा." त्यावर सॅमसन तिला डबा किती वाजता हवा ते सांगायचा.

मग तो निवृत्त झाला. मुलगी शीरा लग्न होऊन इस्राएलला, अश्दोदला गेली. सकाळी उठून करायचं काय, हा मोठाच प्रश्न होऊन बसला. अशा वेळी कोणी योगासनं करतात, कोणी ज्येष्ठ नागरिक संघात भाषणं ठोकतात. सॅमसनने शब्बाथ, म्हणजे ज्यू लोकांचा शनिवारचा विसावा, धरला. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, लिहायचं नाही, फोनला हात लावायचा नाही, लिफ्टचं बटणसुद्धा दाबायचं नाही. आपल्या वाडवडलांनी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला म्हणून गावं त्यांना शनिवार तेली म्हणायची, हे तो पेणच्या आपल्या सोसायटीत भेटेल त्याला थांबवून सांगू लागला. माणसं पिशव्या या हातातून त्या हातात घेत ऐकायची. लीयाला मात्र हे कौतुक नव्हतं. "त्यांनी आठवडाभर घाणा ओढला होता," ती म्हणायची. "तू आठवडाभर टीव्ही बघतोस."

अडचण एकच होती, चहाची. सकाळी चहा मिळाला नाही तर सॅमसनला देवाचा सुद्धा राग यायचा. लीया म्हणाली, "मी पेटवते गॅस. पाप लागलं तर मला लागू दे." पण सॅमसनला अख्ख्या घराचा शब्बाथ पाहिजे होता. ही रड तो एकदा खाली पार्किंगमध्ये गात होता, तेव्हा तळमजल्यावरच्या पुतळीबाईने ती ऐकली आणि म्हणाली, "त्यात काय यवढं? मी यिऊन पेटवीन."

पुतळीबाई धरमतरच्या बाजूची. उभी हयात मिठागरावर गेली. मिठागर बंद पडलं, मुलगा प्रविण मालाच्या बार्जवर लागला आणि त्याने पेणला याच 'नंदनवन एन्क्लेव्ह'मध्ये फ्लॅट घेऊन आईला आणलं. महिन्यातले आठ दिवस तो घरी असायचा, बाकी पाण्यावर. आईने येताना एक पितळी कळशी, एक पाटा-वरवंटा आणि मोरू बरोबर आणला. मोरू म्हणजे मिठागरावरचा तांबडा गावठी कुत्रा. एक कान फाटलेला, शेपूट वाकडी, आणि चेहरा असा की याने आयुष्यात सगळं बघून घेतलंय. तो पुतळीबाईला एक मिनिट सोडत नसे. एकटा घरात कोंडला तर सोसायटीच्या दोन्ही इमारती जाग्या होतील असा गळा काढायचा.

तर असं ठरलं. दर शनिवारी सकाळी सात वाजता तिसऱ्या मजल्यावरचं सॅमसनचं दार नुसतं लोटलेलं असायचं. तो आतल्या खोलीत प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसायचा. पुतळीबाई यायची, गॅस पेटवायची, चहाचं आधण ठेवायची, चहा झाला की गॅस बंद करायची आणि जायची. मोरू तेवढा वेळ बाहेर पायपुसण्यावर. आठ महिने यात एकदाही खाडा झाला नाही.

याच्या बदल्यात सॅमसनने मोरूला फिरवायचं काम अंगावर घेतलं. पुतळीबाईचे गुडघे मिठाच्या पाण्यात उभं राहून राहून पार गेले होते. मोरू ओढायला लागला की तिचा तोल जायचा. म्हणून सकाळ-संध्याकाळ सॅमसन मोरूला घेऊन सोसायटीच्या हिरवळीभोवती चकरा मारायचा. शनिवारी तो फाटकाबाहेर पाऊल टाकत नसे. कंपाउंडची भिंत आहे तिथवर आपलं अंगण, तेवढ्यात दोरी हातात धरली तर चालते, असं शीराने तिकडे कोणाला तरी विचारून सांगितलं होतं.

मनातल्या मनात सॅमसन या व्यवहारावर खूश होता. तिचं काय, आठवड्यातून एकदा लायटर दाबायचा. आपल्या मात्र चौदा चकरा. उपकार कोणाचे जास्त, हे त्याला ठाऊक होतं. बोलून दाखवत नव्हता, हा त्याचा मोठेपणा. लीयाला तेवढा दिवसाआड एकदा बोलून दाखवायचा.

खरं तर कोण कोणाला फिरवतंय हे बघणाऱ्याला कळत नसे. सोसायटीतले बाकीचे कुत्रे गळ्यात रंगीत पट्टे घालून, कापलेल्या केसांचे, मालकाच्या टाचेला टाच लावून चालायचे. मोरूच्या गळ्यात प्रविणने बार्जवरून आणलेली निळी नायलॉनची दोरी, आणि त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला मोरूला वाटेल तिकडे जाणारा सॅमसन. 'पाळीव प्राण्यांनी हिरवळ खराब करू नये' ही पाटी मोरूला विशेष आवडायची. तो रोज तिच्याच खांबापाशी पाय वर करायचा. पुढचं मोठं काम तो बदामाच्या झाडाखाली उरकायचा, आणि सॅमसन ते कागदात उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. यात त्याने सहा दिवस कधी कुचराई केली नाही.

सातव्या दिवसाचं मात्र वेगळं होतं. उचलणं म्हणजे ओझं वाहणं, आणि खत उचलणं म्हणजे तर सरळसरळ शेतीच, असा शोध सॅमसनने स्वतःच लावला होता. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शीराला तो मुद्दाम विचारत नव्हता, कारण तिने "पप्पा, घाण उचलायला कोण नाही म्हणतं?" असं विचारलं असतं तर पंचाईत झाली असती. तेव्हा शनिवारी तो त्या जागेवर बदामाचं एक मोठं पान टाकून ठेवायचा, म्हणजे रविवारी शोधावं लागत नाही.

मे महिना लागला. शाळांना सुट्ट्या पडल्या. पोरं सकाळपासून हिरवळीवर क्रिकेट खेळायला लागली, आणि बदामाच्या पानाखाली काय असतं हे एकामागून एक सगळ्या घरांना कळलं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी अकराला पार्किंगमध्ये मीटिंग बसली. लीया नेमकी शुक्रवारीच रोह्याला बहिणीकडे गेली होती. बहीण साराचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यामुळे सॅमसन एकटाच येऊन पुढच्या खुर्चीवर बसला. अध्यक्ष हितेशशेठ, ज्याचं स्टँडजवळ टाइल्सचं दुकान आहे, त्याने कॅमेऱ्यात बघून तारखा काढून आणल्या होत्या.

"दोन, नऊ, सोळा, तेवीस," त्याने वाचलं. "आणि आज सकाळी तीस. सगळे शनिवार. वाक्रुळकर, बाकीचे सहा दिवस तुम्ही वाकून वाकून उचलताना दिसता. मग शनिवारी काय होतं? हा कुत्रा शनिवारी काय वेगळं खातो का?"

सगळे हसले. सॅमसन उठला आणि वाडवडलांच्या घाण्यापासून सुरुवात केली. पण ज्या बाईच्या मुलाचे नवे बूट त्या दिवशी भरले होते, तिने त्याला घाण्यापाशीच अडवलं. म्हणाली, तुमचा धर्म तुमच्या घरात पाळा, पान कशाला टाकता वर? पान टाकता म्हणजे तुम्हाला माहीत असतं! पान टाकण्याची अक्कल त्याचीच होती, आणि ती त्याला आजवर फार आवडलेली होती.

पुतळीबाई एका कडेच्या खुर्चीवर दोरी दोन्ही हातांत धरून बसली होती. मोरू तिच्या पायांवर हनुवटी टेकून लोकांकडे बघत होता.

हितेशशेठ वाईट माणूस नव्हता. त्याने एक कागद आणला होता. कुत्रा जो फिरवतो त्याने लिहून द्यायचं, की रोज, शनिवारसह, घाण मी उचलीन. 'शनिवारसह' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. सही झाली तर मोरू राहील, नाहीतर नाही. पुतळीबाईच्या सहीचा उपयोग नव्हता, कारण ती फिरवू शकत नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

कागद आणि पेन सॅमसनच्या पुढ्यात आलं.

"आज मला सही करता येत नाही," सॅमसन म्हणाला.

"चष्मा विसरलात? मी वाचून दाखवतो."

"चष्मा आहे. आज लिहायचं नसतं आमच्यात."

हितेशशेठने थोडा विचार केला. "मग अंगठा द्या."

सॅमसनची कानशिलं तापली. छत्तीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय बॉयलर हलत नव्हता, त्याला कोणी अंगठा मागावा! "अंगठा म्हणजेही लिहिणंच ते," तो जोरात म्हणाला. "उद्या सकाळी देतो सही. दहा देतो."

"उद्या मी नाही. आज सातला रोह्याला निघतोय, मेव्हण्याच्या लग्नाला. आठवड्याने येईन. तोवर हे असंच चालू द्यायचं नाही असं सगळ्यांचं म्हणणं आहे." त्याने घड्याळ बघितलं. "सातपर्यंत सही द्या. नाहीतर उद्या सकाळी रघू वॉचमन टेम्पो बोलावून कुत्र्याला त्याच्या मिठागरावर सोडून येईल."

मिठागरावर आता चिटपाखरू नव्हतं. झोपड्या मोडल्या होत्या, पाण्याचं पिंपसुद्धा कोणी उचलून नेलं होतं. हे तिथे बसलेल्यांत पुतळीबाईला आणि मोरूला माहीत होतं. सॅमसनलाही माहीत होतं. पण तो पेनाकडे बघत होता.

पुतळीबाई दोन्ही गुडघ्यांवर हात दाबून उठली. "ऱ्हाऊ द्या शेठ," ती म्हणाली. "त्यांना जबरदस्ती करू नका. त्यांचा वार हाय आज."

ती मोरूला घेऊन घरात गेली. तिने सॅमसनला एखादा शब्द सुनावला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दुपारभर सॅमसन पंख्याखाली पडून स्वतःशी भांडत होता. एका शिफ्टला आठ सह्या. वर्षाला शनिवार बावन्न. रजा वजा केल्या तरी आपण हजारो शनिवारच्या सह्या कंपनीला देऊन बसलोय. तेव्हा देव कुठे गेला नव्हता, आपणच कॅन्टीनमध्ये होतो. आणि आता मोरूपुरती एक सही मागितली तर आपल्याला देवाने आज्ञा दिल्या तो सिनाय पर्वत आठवतो. वा रे सॅमसन! हे सगळं त्याला पटत होतं. तरी मन म्हणत होतं, आठ महिने नीट पाळलंय, आता एका गावठी कुत्र्यासाठी मोडायचं? लोक काय म्हणतील? लोक काय म्हणणार होते, लोकांना शब्बाथ म्हणजे काय हे त्यानेच सांगितलं होतं.

शेवटी त्याने तोडगा काढला. तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. मे महिन्यात सूर्यच सातच्या सुमाराला मावळतो आणि तारे त्यानंतर अर्ध्या तासाने दिसतात हे त्याला माहीत होतं. पण गच्चीवर गेलं तर काय सांगावं, एखादे वेळी लवकर दिसतील. छत्तीस वर्षं मोजमापं घेतलेला माणूस देवाकडे अर्ध्या तासाची सूट मागायला निघाला.

साडेसहाला तो रोजच्यासारखा मोरूला न्यायला खाली आला. पुतळीबाईच्या दाराशी एक पिशवी भरून ठेवलेली होती. त्यात मोरूचं ॲल्युमिनियमचं ताट आणि घडी घातलेलं गोणपाट होतं.

"हे काय गो?" सॅमसनने विचारलं.

"टेम्पोत टाकायला. त्याला दुसऱ्यावर झोप येत नाय."

सॅमसनने दोरी घेतली आणि हिरवळीकडे न जाता जिन्याकडे वळला. लिफ्टच्या दारावर 'कुत्र्यांना मनाई' असा कागद लावलेलाच होता, आणि आज तर त्याला स्वतःलाही मनाई होती.

मोरूला जिना चढायला काही वाटलं नाही. तो पुढे झाला. पण पहिलं वळण आलं तिथे, खिडकीपाशी, तो खाली बसला.

"चल रे," सॅमसन म्हणाला. मोरू हलला नाही. सॅमसनने दोरी ओढली, मोरूने चारी पाय रोवले. त्याचं सॅमसनकडे लक्षच नव्हतं. तो पायरीच्या कडेला, भिंतीजवळच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. बराच वेळ गेला. मग कोणी न सांगता तो उठला आणि चढू लागला.

पहिल्या मजल्यावर पुन्हा बसला. पुन्हा तेवढाच वेळ, पुन्हा आपणहून उठला. त्याच्यापुढच्या वळणावर पुन्हा तेच. सॅमसन चिडला. सात वाजायला वीस मिनिटं राहिली होती. "म्हातारा झालास काय मेल्या? खाली हिरवळीवर तर मला फरपटत नेतोस!" दुसऱ्या मजल्यावर मोरू आणखी जास्त वेळ बसला. बसल्या बसल्या त्याने त्या रिकाम्या जागेपाशी नाक नेलं, एकदा शेपूट हलवली आणि धीर देणाऱ्या माणसासारखा तिथेच अंग टेकून राहिला.

तेव्हा कुठे सॅमसनच्या डोक्यात उजेड पडला.

मोरू या जिन्याने पुतळीबाईशिवाय दुसऱ्या कोणाबरोबर कधीच चढला नव्हता. लिफ्टमध्ये त्याला मनाई, घरात एकटा ठेवला तर गळा काढतो. म्हणजे पुतळीबाई आठ महिने दर शनिवारी जिन्याने वर येत होती. इथे बसत होती, या पायरीवर, भिंतीला खांदा लावून. सॅमसन धरून चालला होता की ती लिफ्टने येते. धरून तरी कुठे चालला होता? त्याने विचारच केला नव्हता. आतल्या खोलीतून त्याला लायटरचा आवाज ऐकू यायचा, पातेल्याचा यायचा. बाई वर कशी आली, हे त्या आवाजात नव्हतं.

पाचवी बैठक तिसऱ्या मजल्याच्या अलीकडच्या वळणावर झाली. या वेळी सॅमसननेही दोरी ओढली नाही. तो मोरूशेजारी पायरीवर बसला. वर चढताना पाच, खाली उतरताना पाच. आज सकाळीसुद्धा. आज तर लीयाही घरी नव्हती, एका कपासाठी ती आली होती. आणि चार तासांनी तिच्यासमोर पेन आलं तेव्हा आपण म्हणालो, मला सही करता येत नाही.

सॅमसनला लाज वाटली. आयुष्यात बऱ्याच गोष्टींची वाटायला हवी होती ती सगळी एकदम वाटली.

मोरू उठला, तिसऱ्या मजल्यावर गेला आणि सॅमसनच्याच दारासमोर पायपुसण्यावर पडून त्याने डोळे मिटले. त्याच्या लेखी जिना इथे संपत होता. गच्ची, तारे वगैरे त्याला ठाऊक नव्हते. सॅमसनने घड्याळ बघितलं. दहा मिनिटं. त्याने मोरूला उठवलं आणि खाली पळवायला बघितलं, तर हा पठ्ठ्या उतरताना पहिल्याच वळणावर पुन्हा बसला! सॅमसनने दोरी टाकली आणि सहासष्टाव्या वर्षी दोन-दोन पायऱ्या उतरत सुटला.

हितेशशेठची गाडी फाटकाशी उभी होती, मागे आहेराची खोकी रचलेली. सॅमसन बॉनेटवर हात टेकून उभा राहिला. बोलायला दम नव्हता. त्याने फक्त हवेत सही करून दाखवली.

हितेशशेठने कप्प्यातून कागद काढला. "सापडला वाटतं चष्मा?"

"सापडला," सॅमसन म्हणाला.

कागद बॉनेटवर ठेवून त्याने सही केली. हाताला लागलेलं वळण जाईना. सहीखाली त्याने वेळ टाकली, १८.५५, आणि पुढे लिहिलं, 'सर्व नॉर्मल.' हितेशशेठने ते वाचलं, त्याच्याकडे बघितलं, आणि काच वर केली.

परत येताना सॅमसन बदामाच्या झाडाखाली थांबला. सकाळचं पान जागेवरच होतं. मोडायचं ते मोडलंच होतं. त्याने वाकून, पानाबिनासकट सगळं कागदात उचललं आणि डब्यात टाकलं. आकाशात एकही तारा नव्हता.

पुतळीबाई दारात उभी होती. तिने सगळं बघितलं होतं.

"शनवार संपला?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"मग सही कशी केलीत?"

सॅमसनला काहीतरी चांगलं, भारदस्त बोलायचं होतं. वाडवडील, घाणा, निदान देव तरी त्यात यायला हवा होता. पण त्याच्या तोंडून एवढंच आलं, "तू जिन्यात पाच ठिकाणी बसतेस. मला माहीत नव्हतं गो."

पुतळीबाईने मान दुसरीकडे वळवली. पदराने उगाच दाराची कडी पुसली.

"पुढच्या शनिवारपासून मीच खाली येईन," सॅमसन म्हणाला. "तुझ्यासाठी गॅस पेटवशीलच ना सकाळी? त्यातच माझा एक कप."

"येवा," ती म्हणाली. "पन तुमाला कोनी सांगितलं जिन्याचं?"

सॅमसन उत्तर देणार, तेवढ्यात निळी दोरी पायऱ्यांवरून खरडत खाली आली. मागचे पाचही थांबे नीट पुरे करून, सावकाश, मोरू शेवटची पायरी उतरला आणि दोघांच्या मध्ये येऊन बसला.

पुतळीबाईने त्याच्याकडे बघितलं, मग सॅमसनकडे बघितलं, आणि वाकून मोरूचा फाटका कान धरला.

"चहाडखोर मेला!" ती म्हणाली. "त्यांना सांगू नको म्हनलं व्हतं ना तुला?"